‘वरचे किती द्यायचे?’ : ट्रक बदलून घेताना झालेली फसवणूक

जुना ट्रक देऊन नवा घेण्याच्या व्यवहाराला आमच्याकडे सरळ ‘एक्स्चेंज’ म्हणतात. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातले बहुतेक लहान गाडीमालक याच मार्गाने गाडी बदलतात, कारण जुनी गाडी बाहेर विकून पैसे हातात येईपर्यंत धंदा बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही. नेमक्या याच अडचणीवर काही शोरूमवाल्यांचा व्यवहार उभा असतो. २०२५ च्या दसऱ्याला आमच्या बाबतीत जे झाले ते मी आकड्यांसह लिहीत आहे. येत्या हंगामात गाडी बदलू पाहणाऱ्या एखाद्याने तरी शोरूममध्ये बसून हेच आकडे तपासून पाहावेत, एवढीच त्यामागची इच्छा आहे.

आमची एकच सहाचाकी गाडी आहे आणि ती मी व माझा धाकटा भाऊ आळीपाळीने चालवतो. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि गूळ, हंगामात तासगावकडची द्राक्षे वाशीला, असा आमचा धंदा आहे. जुनी गाडी २०१५ ची होती. तिचे कर्ज फिटून आरसीवरचा बोजा उतरलेला होता आणि दरवर्षीचे फिटनेस वेळेवर होत होते. मिरजेच्या एका दलालाने ती पाहून ५,६०,००० रुपये रोख देण्याची तयारी दाखवली होती. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या हिशेबाची मोजपट्टी तोच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये शोरूमने पहिले कोटेशन दिले. नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत २०,४८,००० रुपये आणि जुन्या गाडीचे ५,००,००० रुपये. दलाल जास्त देतो आहे असे सांगितल्यावर विक्री प्रतिनिधी हसून म्हणाला, “मालक, जुनीचे किती आणि नवीचे किती यात तुम्ही कशाला पडता? वरचे किती द्यायचे तेवढं बोला.” त्या दिवसापासून व्यवहार संपेपर्यंत शोरूममधल्या प्रत्येक माणसाने आमच्याशी ‘वरच्या’ आकड्यातच, म्हणजे जुनी गाडी वजा जाऊन आम्ही किती भरायचे त्यातच, बोलणे केले. मूळ किंमत, कर, सूट आणि जुन्या गाडीचे मोल या चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की त्यातली कोणती कधी बदलली हे गिऱ्हाईकाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवसापासून, मालवाहू वाहनांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आम्ही त्याबद्दल विचारले तेव्हा “कंपनीने किंमत वाढवली आहे, कोटेशन नव्या करासह आहे,” असे उत्तर मिळाले. त्याबरोबरच नवरात्राची खास ऑफर म्हणून १,२०,००० रुपयांची सूट आणि जुन्या गाडीला ५,००,००० ऐवजी ६,२५,००० रुपये असा नवा प्रस्ताव व्हॉट्सॲपवर आला. म्हणजे वरचे १३,०३,००० रुपये. विमा, पासिंग आणि इतर खर्च वेगळे. दलालापेक्षा ६५,००० रुपये जास्त आणि शिवाय सव्वा लाखाच्या जवळपास सूट, असा प्रस्ताव समोर असताना व्यवहार पक्का होणे साहजिक होते.

आता तोच प्रस्ताव सुटा करून पाहा. करापूर्वीची किंमत १६,००,००० रुपये असेल तर २८ टक्क्यांनी ती २०,४८,००० होते आणि १८ टक्क्यांनी १८,८८,००० होते. फरक १,६०,००० रुपयांचा. ऑगस्टच्या आणि नवरात्राच्या दोन्ही कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत २०,४८,००० हीच होती. कंपनीने किंमत वाढवल्याचे जे सांगितले गेले त्याचा एकही कागद पुढे कधी आला नाही. सरकारने कमी केलेल्या १,६०,००० रुपयांतूनच १,२०,००० रुपये ‘सणाची सूट’ म्हणून आम्हाला दाखवले गेले आणि उरलेले ४०,००० जुन्या गाडीच्या वाढीव मोलात घातले गेले. शोरूमने स्वतःच्या खिशातून काय दिले, हे शोधायला गेलो तर हाती फारच थोडे लागते. त्याच आठवड्यात कोल्हापुरातल्या दुसऱ्या विक्रेत्याने, जुनी गाडी न घेता, तेच मॉडेल नव्या करासह १८,८८,००० वर आणखी ७५,००० सूट देऊन, म्हणजे १८,१३,००० रुपयांना एका ओळखीच्या गाडीमालकाला दिले. या मापाने मोजले तर वरचे १३,०३,००० घेऊन आमच्या जुन्या गाडीचे प्रत्यक्षात ५,१०,००० रुपयेच धरले गेले होते. मिरजेचा दलाल, ज्याच्याकडे सगळे संशयाने पाहतात, तो ५०,००० रुपये जास्त देत होता.

लहान वाहतूकदाराला हा कर कुठून परत मिळत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. ज्यांच्या भाड्यावरचा जीएसटी माल पाठवणारा व्यापारी भरतो, त्यांना गाडीवर भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. मोठ्या ताफ्यांना जो फरक हिशेबात वळता होतो, तो आमच्यासारख्यांच्या खिशातून कायमचा जातो.

खरा घाव डिलिव्हरीच्या दिवशी बसला. नवी गाडी हार घालून, नारळ ठेवून बाहेर उभी होती, घरची मंडळी आली होती आणि पुढच्या भाड्याची तारीख ठरलेली होती. तेव्हा शोरूमचा एक माणूस जुनी गाडी ‘शेवटची तपासायला’ आला. ही गाडी त्यांच्याच माणसाने आधी चालवून, फोटो काढून पाहिली होती. आता त्याने टायरच्या खाचेत अंगठा घातला, हौद्याखालच्या आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबर) स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून गंज पाडून दाखवला आणि इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले. “बॅक कॉम्प्रेशन मारतंय, मालक,” म्हणजे इंजिन झिजले आहे, एवढे म्हणून तो आत गेला आणि दहा मिनिटांत ६,२५,००० चे ५,८५,००० झाले. भावाने वाद घातला, तर “मग जुनी घेऊन जा, वरचे तेवढे भरा,” असे उत्तर आले. कर्ज मंजूर होऊन त्याची रक्कम शोरूमकडे जमा झाली होती, नव्या गाडीची नोंदणी आमच्या नावाने झाली होती, आणि त्या स्थितीत माघार घेणे शक्य नाही हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक होते. वरचे १३,४३,००० झाले. वर सांगितलेल्या मापाने जुन्या गाडीचे ४,७०,००० उरले, म्हणजे दलालाच्या रोख भावापेक्षा ९०,००० रुपये कमी.

पक्के बिल हातात आले ते गाडी बाहेर पडल्यावर. त्यावर किंमत १८,८८,००० होती आणि १,२०,००० च्या सुटीचा उल्लेख कुठेही नव्हता. सोबतच्या खातेउताऱ्यात ‘इतर जमा’ म्हणून ५,४५,००० दाखवले होते, पण ते कोणत्या गाडीचे हे लिहिलेले नव्हते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे विक्रीच्या वेळी बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते आणि तेवढा करही कमी लागतो. जुन्या गाडीच्या मोबदल्याचे तसे नाही, कर नव्या गाडीच्या पूर्ण बाजारभावावर लागतो. म्हणून सूट आणि जुन्या गाडीची किंमत यांची सरमिसळ करणाऱ्या कोटेशनमध्ये गिऱ्हाईकाचे दुहेरी नुकसान असते. जी सूट बिलावर नाही ती मिळालेलीच नाही, असे समजून तिथेच उठावे.

किरकोळ म्हणून दाखवलेल्या खर्चांवर फार लिहीत नाही, तरी तीन गोष्टी सांगतो. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी आगाऊ वसूल होणारा आयकर) घेतो तो आपल्या आयकरात जमा होतो आणि आयकर पोर्टलवरच्या आपल्या करपत्रकात दिसतो, तेव्हा तो ‘खर्च’ म्हणून सोडून देऊ नये. कर्जाचा ‘सात टक्के फ्लॅट’ हा दर चार वर्षांच्या हप्त्यांत प्रत्यक्षात साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य तपशिलाचे पत्रक देणे बंधनकारक केले आहे, त्यात खरा वार्षिक दर लिहिलेला असतो आणि तो सही करण्यापूर्वी वाचता येतो. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, त्यामुळे घासाघीस करायची ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. तिथे नो क्लेम बोनस २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, आणि जुनी गाडी विकल्याचा पुरावा दाखवला की तो नव्या गाडीच्या विम्यात घेता येतो. आमचा बोनस गेला, कारण जुनी गाडी शोरूमने घेतल्याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

हा कागद का नव्हता, हे नंतर उलगडले आणि पैशापेक्षा जास्त धास्ती त्याने दिली. डिलिव्हरीच्या वेळी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर आमच्या सह्या घेतल्या गेल्या, पण घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली गेली. “नाव आम्ही भरतो, टीटीओ आमची जबाबदारी,” (टीटीओ म्हणजे मालकी नव्या नावावर करणे) असे सांगून आरसी आणि दोन्ही चाव्या ठेवून घेतल्या. शोरूमने ती गाडी स्वतः कधी घेतलीच नव्हती. ती थेट एका दलालाकडे गेली, त्याच्याकडून कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गिऱ्हाईकाकडे गेली आणि आरसीवर मालक म्हणून मीच राहिलो. आधी फास्टॅगमधून टोल कापल्याचे संदेश यायला लागले, मग ई-चलने. परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहिले तर मालकाच्या रकान्यात माझेच नाव होते आणि विम्याची मुदत संपलेली होती.

विमा नसलेल्या त्या गाडीने रस्त्यावर कोणाला उडवले असते तर भरपाई माझ्यावर आली असती. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हेच स्पष्ट केले. त्यात मूळ मालकाने गाडी विकली होती, ती पुढे हातोहात विकली गेली आणि २००९ साली अपघात झाला. नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर होती, म्हणून कायद्याने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल लागला. कोऱ्या फॉर्मवर सही घेणारा विक्रेता आपल्याला या संकटाच्या तोंडी देतो आणि तोंडाने मात्र “काळजी करू नका” म्हणतो, याचा मला आजही संताप येतो.

यावर कायद्यात सोय आहे, ती आम्हाला कोणी सांगितली नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून फॉर्म २९बी चे अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी द्वारे पोर्टलवर कळवले की त्या क्षणापासून तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. शोरूमकडे असे अधिकारपत्र आहे का, हे जुन्या गाडीचा भाव विचारण्याच्याही आधी विचारावे. नसेल, तर फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही समोर भरून घ्यावी, भरलेल्या प्रतींचे फोटो काढावेत, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती शोरूमच्या लेटरहेडवर शिक्क्यासह घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे हे विकणाऱ्याचेही काम आहे, ते शोरूमवर सोडू नये. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा.

बोलणी करताना आधी जुनी गाडी नसल्याचे धरून नव्या गाडीचे कोटेशन घ्यावे, त्यात मूळ किंमत, सूट आणि जीएसटी वेगवेगळ्या ओळींत लिहून मागावेत आणि तेच किमान दोन गावांतून घ्यावे. तो आकडा सहीशिक्क्याने पक्का झाल्यावरच जुन्या गाडीचा विषय काढावा, आणि तिचा बाहेरचा रोख भाव आपल्या खिशात लिहिलेला असावा. तपासणी बुकिंगच्या वेळीच पूर्ण करून, ‘यापुढे वजावट नाही’ असे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावे. लिहून द्यायला नकार मिळाला, तर कपात डिलिव्हरीच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे असे खुशाल समजावे. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि साल असते, तेही पैसे भरण्यापूर्वी पाहावे, कारण सणाच्या सवलतीत आदल्या वर्षीचा पडून राहिलेला माल पुष्कळदा खपवला जातो.

आमच्या तक्रारीवर शोरूमने “जुनी गाडी आमच्या नावावर कधी आलीच नव्हती” असे लेखी उत्तर दिले. पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर आणि परिवहन कार्यालयाला पत्र दिल्यावर, जुनी गाडी घेतलेल्या त्या दलालाने धावपळ करून गाडी नव्या मालकाच्या नावावर करून दिली, पण तोवर आलेली चलने आम्हीच भरली. पैशाची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. ट्रक हा व्यापारी वापराचा असल्याने आम्ही ग्राहकच नाही, असा शोरूमचा पहिला बचाव आहे. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू या अपवादातून वगळलेली आहे, म्हणून एकच गाडी असल्याचा आणि ती आम्ही भाऊच चालवत असल्याचा पुरावा, आमच्या दोघांच्या लायसन्सच्या प्रतींसह, आम्ही जोडला आहे. वकिलांना सर्वांत उपयोगी वाटले ते ऑगस्टचे आणि नवरात्राचे कोटेशन, जे विक्री प्रतिनिधीने स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि ज्यांत २०,४८,००० चा आकडा दोन्ही वेळा तसाच आहे. असे संदेश मूळ फोनमध्येच ठेवावेत, आणि फोन बदलायचा झाला तर आधी त्यांचा बॅकअप घ्यावा.