तेजोमेघ काढायचा कशात? क्रिटा, ब्लेंडर की दुर्बिणीचा खरा डेटा

गणपतीत मखरामागे लावायला दहा बाय आठ फुटांचा अवकाशाचा फ्लेक्स, फाइन आर्ट्सच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओतलं एक पान, किंवा मंडळाच्या एलईडी पडद्यावर फिरणारी दहा सेकंदांची चित्रफीत. बडोद्यात तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग, हवा असतो तो साधारण अशाच कामांसाठी, आणि प्रत्येक कामाचं उत्तर वेगळं आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. चित्र स्थिर असेल तर क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने रंगवा. कॅमेरा ढगात शिरायचा असेल तरच ब्लेंडर या त्रिमिती चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जा. आणि बघणारा 'हे खरं आहे का?' असं विचारणार असेल, म्हणजे शाळेचं विज्ञान प्रदर्शन किंवा कमाटीबागेतलं तारांगण पाहून आलेली मुलं समोर असतील, तर हबल अवकाश दुर्बिणीच्या मूळ फाईली घेऊन काम करा. तिन्हींची सॉफ्टवेअर फुकट आहेत; खर्च होतो तो मशीन आणि वेळेचा.

क्रिटा: हात तयार हवा, मशीन साधं चालतं

ए-३ आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. फाईल उघडतानाच रंगाची खोली १६ बिट निवडा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि काळ्यातून गडद निळ्यात जाताना त्यातल्या पंधरा-वीसच वापरल्या जातात, म्हणून आकाशात पट्टे दिसतात. ते नंतर ब्लर करून जात नाहीत. १६ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा थर) सुमारे १४० एमबी खातो; वीस लेयर म्हणजे पावणेतीन जीबी. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे निभतं. प्रेशर असलेला पेन टॅब्लेट मात्र हवाच, माऊसने हे काम होत नाही.

रंगाला हात लावण्याआधी चित्र करड्यात पूर्ण करा. पार्श्वभूमी निखळ काळी नको, किंचित निळसर काळी घ्या. मोठ्या मऊ ब्रशने तीन-चार ढोबळ आकार टाका आणि लगेच टेक्स्चरचा ब्रश घ्या. मऊ एअरब्रशवरच थांबलात तर तेजोमेघ पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. नवशिक्यांची बहुतेक चित्रं इथेच फसतात. ढगाला कडा लागते, आणि कडा कुठे लागते ते भौतिकशास्त्र सांगतं. तप्त ताऱ्याचे अतिनील किरण धुळीच्या खांबाचा पृष्ठभाग झिजवतात, त्यामुळे ताऱ्याकडची कड तीक्ष्ण आणि उजळ, मागची बाजू धूसर आणि विरत जाणारी. गरुड तेजोमेघातल्या प्रसिद्ध खांबांना उजळवणारे तारे हबलच्या चौकटीबाहेर, वरच्या बाजूला आहेत. तुमच्याही चित्रात तारा कुठे आहे ते आधी ठरवा, चौकटीबाहेर असला तरी चालेल. तो ठरला नसेल तर कितीही ब्रश फिरवला तरी चित्र भूलभुलैया होतं.

रंग नंतर, वेगळ्या लेयरवर, आणि दोन-तीनच. हायड्रोजनचा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा, लालसर गुलाबी. दुहेरी आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा, हिरवट निळा; तो जास्त तापलेल्या आतल्या भागात. कृत्तिकेभोवतीसारखी नुसती धूळ ताऱ्याचा प्रकाश परतवत असेल तर निळा. जांभळा, पोपटी, केशरी सगळं एका चौकटीत ओतलं की ते वॉलपेपर होतं. धुळीच्या पातळ कडेतून येणारा प्रकाश तांबूस करा, कारण धूळ निळा प्रकाश जास्त अडवते.

ताऱ्यांना तीन लेयर: एका पिक्सेलचे खूप, दोन-तीन पिक्सेलचे थोडे, ठळक अगदी चार-पाच. सारख्या अंतरावर पेरू नका. दाट धुळीसमोर ते कमी करा, कारण मागचे तारे धुळीने झाकले जातात. हिरवा तारा काढू नका. ताऱ्याचा वर्णपट इतका पसरट असतो की हिरव्यात ऊर्जा सर्वाधिक असली तरी डोळ्याला तो पांढराच दिसतो. किरणांचे काटे फक्त ठळक ताऱ्यांना, आणि एकच पद्धत धरा: हबलसारखे चार, किंवा वेब अवकाश दुर्बिणीसारखे सहा मोठे नि दोन लहान. दोन्ही मिसळलेली चित्रं जाणकार लगेच ओळखतो.

ब्लेंडर: हालचाल हवी तरच

मूळ घन घ्या आणि त्याच्या मटेरियलमध्ये सरफेस काढून व्हॉल्यूमला प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम (धूर-ढग दाखवणारा नोड) जोडा. डेन्सिटीकडे (ढगाच्या दाटपणाकडे) जाणारी नोडची साखळी अशी: ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट, नॉइज टेक्स्चर, कलर रॅम्प, गुणाकार. नॉइजचं मूल्य सरासरी ०.५ च्या आसपास असतं, म्हणून रॅम्पचा काळा थांबा निदान ०.५ वर आणा. तो ० वर राहिला तर अख्खा घन धुक्याने भरतो आणि खोक्याचे कोपरे स्पष्ट दिसतात. कोपरे घालवायला स्फेरिकल ग्रेडियंटने गुणा: तो मध्यात १ आणि एक एकक अंतरावर ० होतो, मूळ घनाला अगदी बेतलेला. घन मोठा केलात तर स्केल अप्लाय करू नका, नाहीतर हे माप बिघडतं.

चमकणारा वायू आणि काळी धूळ एकाच नॉइजवर टांगू नका; वायूला एमिशन (स्वतःचा प्रकाश) द्या, धुळीला वेगळा घन. ब्लॅकबॉडीच्या, म्हणजे तापमानावरून रंग ठरवणाऱ्या, आकड्याचा मोह टाळा. त्याने आगीचा लोळ मिळतो. तेजोमेघाचा प्रकाश ठरावीक वर्णरेषांचा असतो, तापलेल्या लोखंडाचा नव्हे. व्हॉल्यूम बाउन्स (ढगात प्रकाश किती वेळा उसळतो तो आकडा) शून्यावर असेल तर दाट भाग मेलेला दिसतो, दोन ते चार द्या. चित्रातले दाणे घालवणारा डिनॉइझर बारीक तारे पुसून टाकतो, म्हणून तारे वेगळे रेंडर करून (चित्रात उतरवून) शेवटी जोडा.

आता हिशेब. दहा सेकंद, सेकंदाला चोवीस फ्रेम म्हणजे २४० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं लागली तर सोळा तास. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, दुपारी लॅपटॉपला हे लावलंत तर ग्राफिक्स कार्ड तापून गती कमी करतं आणि सोळाचे पंचवीस होतात. रात्री लावा, आणि थेट चित्रफीत न करता फ्रेम वेगवेगळ्या ओपनईएक्सआर फाईलींत साठवा, म्हणजे वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं. एका स्थिर चित्रासाठी हा सगळा खटाटोप करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

खरा डेटा: कल्पना कमी, कष्ट वेगळे

मास्ट या अवकाश दुर्बिणींच्या ऑनलाइन संग्रहातून हबलच्या फिट्स (खगोलशास्त्रातल्या चित्रांच्या) फाईली मोफत उतरवता येतात. उघडल्यावर जवळजवळ काळा चौकोन दिसतो. फाईल बिघडलेली नसते, उजेडाची व्याप्ती फार मोठी असते. सिरिल या खगोलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये असिन्ह स्ट्रेच (अंधारे भाग उजळवणारा ताण) दिला की ढग वर येतो. प्रत्येक फिल्टरची फाईल करडीच असते, रंग आपण नेमायचे. गरुड तेजोमेघातल्या खांबांच्या हबलच्या १९९५ च्या चित्रात गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा असा क्रम होता. हायड्रोजन सर्वांत तेजस्वी असल्याने आधी सगळं हिरवं दिसतं. हिरवा दाबून बाकी दोन ताणले की तारे जांभळट होतात, म्हणून तारे वेगळे काढून मग रंग बसवावे लागतात. त्याच चित्राचा पायऱ्यांसारखा काळा कोपराही खरा आहे: त्या कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक जास्त वर्धनाचा होता. तो भरायचा की ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. युरोपीय अवकाश संस्थेच्या संकेतस्थळावरची तयार चित्रं वापरलीत तर श्रेयनाम छापावं लागतं.

चित्रकलेचा हात बसवायला हीच वाट उत्तम आहे. एक मूळ फाईल स्वतः उलगडून पाहिलीत की क्रिटातली कड कुठे तीक्ष्ण ठेवायची ते आपोआप कळू लागतं.

छपाई

दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला ३०० डीपीआय मागू नका. लोक आठ-दहा फुटांवरून बघतात, ४० पुरे. ४८०० बाय ३८४० पिक्सेल, म्हणजे ए-३ एवढंच ओझं. पडद्यावरचा गडद निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) जांभळ्याकडे झुकतो आणि सावल्यांतले बारकावे काळ्यात बुडतात. फाईल देण्याआधी सगळ्यांत गडद भाग थोडा उचला, आणि छापणाऱ्याकडून हातभर रुंदीची नमुनापट्टी काढून घ्या, ती ट्यूबलाइटखाली नव्हे तर मखरामागे जो दिवा लागणार आहे त्याच्या उजेडात बघा.