गिझर घेताना विचारायचं कुणाला: आधीच्या गिऱ्हाइकांना की दुकानदाराला?

आम्ही पुण्याजवळ वाघोलीत चौदा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं. नळांवर पांढरे थर चढतात. जुन्या गिझरची टाकी गळायला लागली, तेव्हा मला एवढंच जाणून घ्यायचं होतं: या पाण्यात नवी टाकी टिकेल का, आणि टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड नंतर बदलून मिळतो का? लिटर, वॅट, स्टार सगळीकडे छापलेले असतात, ते सोडून देतो.

वेबसाइटवर तोच गिझर दुकानापेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त होता आणि खाली प्रश्न विचारायची सोयही होती. विचारला. आधीच्या गिऱ्हाइकांची पाच उत्तरं आली. 'मस्त आहे.' 'हो.' 'आमच्याकडे पालिकेचं पाणी आहे.' उरलेल्या दोघांनी लिहिलं होतं, 'माहीत नाही, अजून बसवला नाही.'

माहीत नाही तर लिहायचं कशाला, असं वाटलं. मग महिन्याभराने आमच्या मिक्सरबद्दल कुणाचातरी प्रश्न वेबसाइटने मेल करून मलाच विचारला आणि उलगडा झाला. कुणीतरी आपल्यालाच विचारतंय असं वाटतं. गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून भला माणूस 'माहीत नाही' एवढं तरी कळवतो. त्याला बोल लावत नाही. पण रॉड मिळतो की नाही हे ज्याने सांगायचं तो विक्रेता गप्प, आणि प्रश्न जातो पंधरा दिवसांपूर्वी खोकं घरी आलेल्या माणसाकडे. क्षार साचायला वर्ष जातं, त्याला कुठून कळणार? माझं मन तिथेच उडालं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने चांगल्या मनाने चुकीचं सांगितलं, तर तक्रार कुणाची करायची?

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने उत्तराआधी मलाच विचारलं, "इमारत किती मजली? तुम्ही कितव्यावर?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे खालच्या मजल्यांना जास्त. त्याने ८ बार दाब सोसणारी टाकी दिली, वर्षाने रॉड उघडून बघा म्हणाला, आणि रॉडचा प्रकार नि मेकॅनिकचा नंबर बिलामागे लिहून शिक्का मारला.

सगळेच दुकानदार असे नसतात, हेही खरं. काही जण पडून असलेला माल गळ्यात मारतात. शिवाय काही गोष्टी वापरणाऱ्यालाच कळतात. पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ते पाणी प्रसरण पावल्यामुळे, घाबरू नका, हे मला एका अनुभवी गिऱ्हाइकाच्या उत्तरातून कळलं. तालुक्याच्या गावी सर्व्हिसवाला किती दिवसांनी येतो, हेही तिथेच खरं कळतं. त्यामुळे ती उत्तरं मी अजूनही वाचतो.

तुमच्याकडे पालिकेचं गोडं पाणी असेल, तर सातशे रुपये वाचवायला हरकत नसावी. बोअरवाल्यांनी मात्र एकदा दुकानात जाऊन यावं, असं मला वाटतं. चौदा महिन्यांनी आमचा रॉड काढला तेव्हा तो पेन्सिलीएवढा उरला होता. नवा अर्ध्या तासात बसला, टाकी बाहेरून कोरडी आहे.