थायरॉईडची गोळी सुटेल म्हणाले, म्हणून मी सोडली

मिरग लागून आठवडा झाला होता. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या सभागृहात मोफत आरोग्य शिबिर होतं. रोजच्या ओळखीतल्या एका बाईने बोलावलं, म्हणून गेले. दारातच फॉर्म भरून घेतला: वय, वजन, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी लिहिलं, थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन ७५, आठ वर्षं. आत एका तरुणाने हातात धातूची दांडी धरायला दिली. तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. दोन मिनिटांत पंचवीस-तीस पानांचा रंगीत रिपोर्ट निघाला आणि थायरॉईडपुढे लाल खूण. मी थक्क झाले. ती माहिती मीच दारात लिहून दिली होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दांडी धरून रक्तातलं हार्मोन मोजता येत नाही, त्याला रक्तच काढावं लागतं.

"गोळी म्हणजे कुबडी आहे, वहिनी. ग्रंथीला आयती सवय लागते. आम्ही मुळावर उपचार करतो," तो म्हणाला. तीन महिन्यांचा कोर्स: दोन चूर्णं, केस गळू नयेत म्हणून कॅप्सूल आणि घरातलं मीठ बंद करून सैंधव. १८,५०० रुपये. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयने घेतले. बिल मागितलं, तर पुढच्या खेपेला देतो म्हणाला.

विश्वास का बसला, ते सांगते, कारण तुमचाही तिथेच बसेल. आठ वर्षं पहाटे साडेपाचला उठून अनशेपोटी गोळी घ्यायची, मग तासभर चहाला हात लावायचा नाही. एवढं करूनही केस गळतात, वजन हलत नाही. डॉक्टरांना विचारलं की उत्तर एकच, आयुष्यभर घ्यावी लागेल. "सुटेल" हा शब्द मला आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकवला होता. माझा आजार हाशिमोटोचा. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते. ग्रंथी आळसावलेली नसते, तिची हळूहळू हानी झालेली असते. ती जे हार्मोन पुरेसं बनवू शकत नाही, तेच गोळीतून मिळतं. हे मला आधी कुणी असं बसून समजावलं असतं, तर कुबडीची गोष्ट मी तिथल्या तिथे खोडून काढली असती.

गोळी बंद केली आणि पहिले तीन आठवडे अगदी छान गेले. इथेच माणूस फसतो. थायरॉक्सिन शरीरातून सावकाश जातं, आठवड्याभरात जेमतेम निम्मं कमी होतं. म्हणजे अंगात जुन्या गोळीचाच साठा होता आणि मी श्रेय चूर्णाला देत होते. त्याच भरात मी माझ्या भाचीला सांगितलं. तिलाही थायरॉईड, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू. "मावशी, तू म्हणतेस तर घेते," म्हणाली.

सहा आठवड्यांनी मी रक्त तपासलं. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईड ग्रंथीला जाणारा इशारा, हार्मोन कमी पडलं की तो आकडा चढतो. माझं टीएसएच ३.९. प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत! तो रिपोर्ट मी घरात सगळ्यांना दाखवला.

चवथ आली तेव्हा गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायला हात वर जात नव्हते. पायात गोळे यायचे, आवाज घोगरा, सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. भर दमटात मला थंडी वाजायची. नेवऱ्या लाटताना मी पाटावरच डोळे मिटून बसले, तेव्हा जाऊबाईंनी लाटणं काढून घेतलं. शिबिरातल्या त्या तरुणाला फोन केला तर तो म्हणाला, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. आता थांबू नका." त्या सांगण्यावर मी आणखी दहा दिवस काढले.

शेवटी नवऱ्याने जबरदस्तीने माझ्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळे डबे टेबलावर मांडायला लावले आणि कॅप्सूलच्या डबीवर बोट ठेवलं. एका कॅप्सूलमध्ये बायोटिन १० मिलिग्रॅम, मी रोज दोन घेत होते. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. एवढं बायोटिन रक्तात असलं, तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, खोटं जास्त. मी तर तपासणीच्या दिवशी सकाळीही कॅप्सूल घेऊन गेले होते. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून तीन दिवसांनी पुन्हा रक्त काढलं. टीएसएच ५८.

घरी न जाता मी तशीच भाचीकडे गेले. तिने एकोणीस दिवस गोळी बंद ठेवली होती. मग तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला रागावून पुन्हा सुरू करायला लावली. मला वाईट वाटेल म्हणून तिने मला कळवलं नव्हतं. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज वाढते, पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, आणि सैंधवातून आयोडीनयुक्त मिठासारखं आयोडीन मिळत नाही. हे त्या बाईंनी तिला सांगितलं आणि तिने मला. माझे साडेअठरा हजार गेले त्याचं मला काही नाही. त्या एकोणीस दिवसांच्या आठवणीने मात्र मी अजून रात्री जागी होते.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. आमच्या ओळखीच्या वैद्यांना मी ते डबे दाखवले. त्यांनीच सांगितलं की चूर्णांवर ना उत्पादकाचा परवाना क्रमांक आहे, ना घटकद्रव्यांची नावं, आणि चालू थायरॉक्सिन कुणाच्याही सांगण्यावरून असं तोडू नये. तुमच्याकडे कुणी असा डबा दिला तर आधी तो परवाना क्रमांक शोधा आणि बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. केसांसाठी काही घेत असाल तर रक्त काढणाऱ्याला आणि डॉक्टरांना ते सांगा, तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब घ्या. हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं. माझ्या थकव्याचं थोडं कारण त्यातही असेल.

पैसे मागितले तेव्हा त्याने "तुम्ही विश्वास सोडलात" म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे डबे आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट दिला. बिल नाही, म्हणून माझी बाजू लंगडी पडते. पैसे अजून मिळालेले नाहीत.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर आठ आठवड्यांनी टीएसएच ६ वर आलं. आवाज सुटला, पायातले गोळे गेले.

काल वर्तमानपत्रात घडी घालून पुन्हा तसंच पत्रक आलं. येत्या रविवारी, शेजारच्या वाड्यावर, सकाळी नऊला. माझे ३.९ आणि ५८ चे दोन्ही रिपोर्ट मी मोठे करून छापून आणलेत. साडेआठला मी आणि भाची त्या दारात असू.