युकिगासेन की स्कीजोरिंग? वेडेपणात पुढे कोण

युकिगासेन म्हणजे बर्फाचे गोळे फेकायची जपानी मॅच. होक्काइदोतल्या सोबेत्सु गावात 1989 पासून याची रीतसर टूर्नामेंट होते, आणि रीतसर म्हणजे किती तर एका टीममध्ये 7 जण, डोक्यावर हेल्मेट, 3 मिनिटांचा एक सेट आणि सेटला मोजून 90 गोळे, तेही आधीच साच्यात दाबून एकसारखे केलेले. गोळा लागला की आऊट, समोरच्याचा झेंडा पळवला की सेट खिशात. लहानपणीच्या मारामारीला एवढी शिस्त लावायचं कुणाला सुचलं असेल देव जाणे!

दुसरीकडे स्कीजोरिंग. स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला तळं गोठलं की त्यावर रेस लावतात, घोडा पुढे उधळलेला, त्याच्या पाठीवर कोणीच नाही, आणि मागे स्की घातलेला माणूस लांब लगाम धरून फरफटत चाललाय, तोंडावर टापांचा बर्फ सपासप येतोय, समोरचं दिसतंय किती हा प्रश्नच आहे. त्यात बाकीचे घोडेपण शेजारूनच पळत असतात हां. आणि हे 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनी खेळ म्हणून होतं बरं का, तिन्ही नंबर स्विस लोकांनीच मारले, बाकीचे बहुतेक शहाणे असावेत.

बघायला स्कीजोरिंगच भारी, वादच नाही. पण खेळायचं म्हणाल तर आपण गोळेवाले. तिथे आऊट झालं की गुपचूप बाहेर येऊन उभं राहता येतं, घोड्याला कोण सांगणार की बाबा मी आऊट झालो, थांब आता?