पुण्यातलं श्रवण आणि तोल तपासणी केंद्र: पाचापैकी चार तारे

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत सव्वीस वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढतो, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवतो. गेल्या आषाढात उजव्या कानाला दडा बसला, तो नाक दाबून, आवंढा गिळून सुटेना. मग आत पाण्याची मोटर चालू असल्यासारखी घूं सुरू झाली. पुढे कानापासून गालापर्यंत मुंग्या. अधूनमधून पाच-दहा मिनिटं घर फिरायचं. हेही सोसलं असतं. पण एक दिवस काळी एक पट्टीचा तंबोरा लावताना षड्ज दोन कानांत दोन ऐकू आला. तासभर घोडीवर कानस मारत, तारेखालचं सूत मागेपुढे करत बसलो. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तंबोरा कधीच लागलाय."

एका डॉक्टरांनी मळ काढला, दुसऱ्यांनी ॲलर्जीची गोळी दिली, तिसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. एमआरआयमध्ये ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही हे कळलं. बरं वाटलं, पण मुंग्या होत्याच. मग चौथ्यांनी या केंद्रात पाठवलं. नाव लिहीत नाही, कारण आधी तक्रार आहे.

तोलाच्या तपासणीआधी ४८ तास चक्करेच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात. फोनवर वेळ देणाऱ्याने हे सांगितलंच नाही. मी आणि बायको मिरजेहून पुण्याला पोचलो, मी सकाळचीच गोळी घेतलेली. "आज नाही होणार, काका." परत जा, परत या. एक तारा तिथेच कापला.

दुसऱ्या खेपेला मात्र माणसं भेटली. बंद खोलीत हेडफोन, हातात बटण. बारीक टूं ऐकू आली की दाबायचं. यंत्र २५० हर्ट्झपासून सुरू झालं. मी ऑडिओलॉजिस्ट बाईंना म्हटलं, अहो, आमचा खरज, म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालची तार, ६९ला बोलतो, तुमचं यंत्र तर त्याच्या जवळजवळ दोन सप्तकं वरून निघालं. त्या हसल्या नाहीत. १२५ही लावून दाखवलं, त्याखाली या यंत्राला जाता येत नाही म्हणाल्या. डावा कान ठीक. उजव्याला २५० वर आवाज ४५ डेसिबलपर्यंत चढवावा लागला, २००० वर मात्र १५ पुरे. म्हणजे वरचे स्वर शाबूत आणि खालचे गेलेले. वयाने जातं ते सहसा वरून जातं, एवढं त्यांनी समजावलं.

मग मी भीतभीत दोन षड्जांचं सांगितलं. आजवर ज्याला सांगितलं तो माझ्याकडे बघतच राहायचा. बाईंनी एकच स्वर आळीपाळीने दोन्ही कानांत दिला आणि विचारलं, कुठला चढा? उजवा. जवळजवळ एक श्रुती, म्हणजे दोन स्वरांमधला बारीकसा फरक. त्यांनी ते कागदावर लिहिलं. माझ्या लेखी फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

तोलाची तपासणी पाण्याची, आणि ती वाईट. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा काळा चष्मा, कानात आधी ३० अंशांचं आणि मग ४४ अंशांचं पाणी, शरीराच्या तापमानाच्या सात अंश खाली आणि सात अंश वर. दोन्ही कान मिळून चार वेळा. लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून काहीतरी मोजायला लावतात. मला रागांची नावं घ्यायला सांगितली. भूप, यमन, भीमपलास आणि खोली गरगरायला लागली. त्यानंतर 'मारवा, मारवा' एवढंच म्हणत होतो, असं बायको सांगते. तोल सांभाळण्यात उजवा कान अशक्त निघाला.

रिपोर्ट इंग्रजीत, पण बाईंनी दहा मिनिटं बसून मराठीत सांगितला. मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा संशय आहे. पक्कं म्हणायला चक्कर किमान वीस मिनिटांची आणि तीही दोनदा यावी लागते, माझी तेवढी टिकत नाही. गालाच्या मुंग्या तर त्यात बसतच नाहीत, त्यासाठी मज्जातज्ज्ञांकडे जा, बी-१२ बघा. खोटं नाव चिकटवून घरी पाठवलं नाही, हे मला आवडलं. बायकोला नाही आवडलं. एवढा खर्च करून 'संशय' घेऊन आलो म्हणते.

नक्की काय ते कळेपर्यंत तंबोऱ्याला शेवटचा कान मुलाचा. मी सूत ठेवतो, तो ऐकतो.

जाणार असाल तर वेळ घेतानाच फोनवर गोळ्यांची यादी वाचून दाखवा. पोट हलकं ठेवा. आणि परतीला कुणीतरी सोबत न्या, मला पुढचा तासभर जिन्याचा कठडा सोडवत नव्हता.