शिलाँगची बरोबरी आणि मडगावचा फळा: एका सामना-विश्लेषण वर्गाचे परीक्षण

25 मार्च 2025 रोजी शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत आणि बांगलादेश यांच्यातील फुटबॉलच्या आशियाई चषकाचा पात्रता सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. फिफाच्या क्रमवारीत 126 व्या स्थानावर असलेल्या भारताला, आपल्याच मैदानावर, 185 व्या स्थानावरील संघाविरुद्ध गोल करता आला नाही. मडगावमधील फातोर्ड्याच्या स्टेडियमचे नावही नेहरूंचेच असल्यामुळे असेल किंवा भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी त्या वेळी एफसी गोवा या क्लबचेच प्रशिक्षक मानोलो मार्केझ असल्यामुळे असेल, हा निकाल गोव्यात अनेकांना घरचाच वाटला आणि घरच्या अपयशासारखाच बोचला. ही बोच घेऊनच एप्रिलमधील एका रविवारी मी भाच्याला सोबत घेऊन फोंड्याहून कदंबच्या बसने मडगावला गेलो. तेथे एका निवृत्त प्रशिक्षकांनी ‘सामना पुन्हा पाहूया’ या स्वरूपाचा तीन तासांचा वर्ग सुरू केला आहे. शुल्क माणशी 200 रुपये होते आणि शाळकरी मुलांना निम्मे.

खोली लहान आहे आणि तीसेक खुर्च्यांतच भरून जाते. पूर्वेकडील खिडकीला पडदा नसल्यामुळे पहिला तासभर पडद्यावरचे चित्र फिकट दिसत होते. मध्यंतरात चहा आणि बन्स मिळाले व दोन्ही उत्तम होते. परंतु माणसे येथे चहासाठी येत नाहीत, तेव्हा मुख्य गोष्टीकडे वळतो.

वर्ग घेणारे हे प्रशिक्षक, म्हणजे सर, संपूर्ण सामना दाखवत नाहीत. निवडक प्रसंगांवर ते चित्र थांबवतात आणि लोखंडी फळ्यावर चुंबकाच्या सोंगट्या मांडून खेळाडूंमधील अंतरे समजावून सांगतात. पहिल्याच मिनिटात भारताचा गोलरक्षक विशाल कैथच्या पायातून चेंडू चुकीच्या ठिकाणी गेला आणि बांगलादेशला मोठी संधी मिळाली, हा प्रसंग आपण सर्वांनी पाहिला आणि सर्वांनी कैथलाच दोष दिला. सरांनी त्या प्रसंगावर अर्धा तास घालवला आणि मला तो या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. भारताला मागून छोट्या पासांनी खेळ रचायचा होता, बांगलादेशचे आघाडीवीर पुढे सरकून जागा अडवत होते आणि आपुइया व आयुष छेत्री ही मधल्या फळीची जोडी बचावफळीपासून इतकी दूर होती की चेंडू देण्यासाठी मोकळा साथीदारच उरला नव्हता, हे सोंगट्या सरकवून दाखवताच खोलीत शांतता पसरली. चूक कैथच्या पायाची होती, पण ती घडण्याची परिस्थिती संपूर्ण संघाने निर्माण केली होती.

संघनिवडीचा भाग मात्र मला अपुरा वाटला आणि माझी मुख्य तक्रार त्याबद्दलच आहे. सुरुवातीच्या अकरा खेळाडूंत संदेश झिंगन, बोरिस सिंग, आयुष छेत्री आणि उदांता सिंग हे चौघे एफसी गोवाचे होते. आपल्या क्लबच्या खेळाडूंना प्रशिक्षकांनी झुकते माप दिले, असा आक्षेप कोणी घेतला, तेव्हा सरांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. आक्षेप चुकीचाच होता, असे माझेही मत आहे. सरावाचे दिवस मोजके असताना आपल्या पद्धतीची सवय असलेले खेळाडू घेणे यात गैर काहीच नाही. परंतु त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा होता. त्या मोसमात क्लबमध्ये हेच चौघे खेळत तेव्हा त्यांच्या भोवती कार्ल मॅकह्यू, बोर्हा हेरेरा आणि इकेर ग्वारोचेना हे परदेशी खेळाडू असत. मूळचा विंगर, म्हणजे कडेने आक्रमण करणारा, असलेला बोरिस उजव्या बाजूने बचाव सोडून पुढे धावे, तेव्हा त्याची जागा कोणी सांभाळायची आणि त्याच्यापर्यंत वेळेवर चेंडू कोणी पोहोचवायचा, याची उत्तरे क्लबमध्ये ठरलेली असत. राष्ट्रीय संघात पद्धत तीच आली, पण ती तोलून धरणारी माणसे आली नाहीत. त्यात मडगावचा ब्रँडन फर्नांडिस दुखापतीमुळे बाहेर होता आणि बचावफळी व आघाडी यांना जोडणारा पास देऊ शकेल असा त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू मैदानावर दिसला नाही. हे सर्व मी विचारले, परंतु वेळ संपत आल्यामुळे उत्तर मिळाले ते घाईचे होते.

भारताचा आघाडीवीर सुनील छेत्री याच्याविषयीची चर्चा त्या मानाने सखोल झाली. जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर निवृत्त झालेला हा खेळाडू चाळिसाव्या वर्षी परतला, मालदीवविरुद्ध त्याने आपला 95 वा आंतरराष्ट्रीय गोल केला आणि भारताने तो सामना 3-0 असा जिंकला. नोव्हेंबर 2023 नंतरचा तो भारताचा पहिला विजय होता. सरांनी मालदीवविरुद्धचे गोल मुद्दाम सलग दाखवले, कारण तिन्ही गोल डोक्याने झाले होते. चालत्या खेळातून, जमिनीवरून पास देत बचाव फोडता आला नव्हता, ही उणीव विजयामुळे झाकली गेली आणि सहा दिवसांनी बांगलादेशसमोर उघडी पडली. दाव्हर्लीच्या लिस्टन कोलासोने डाव्या बाजूने आणलेले चेंडू पाहताना हे स्पष्ट जाणवते, कारण गोलसमोर लक्ष्य एकच, छेत्री, असते आणि तेही प्रतिस्पर्ध्यांना आधीपासून ठाऊक असते. छेत्रीला बोलावणे चूक नव्हते, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) त्या मोसमात भारतीयांपैकी सर्वाधिक गोल त्याचेच होते. त्याच्या मागे तयार केलेला आघाडीवीर नसणे ही चूक आहे, आणि ती एका प्रशिक्षकाची नाही.

प्रतिस्पर्ध्यांना सरांनी न्याय दिला, हे आवर्जून नोंदवतो. इंग्लंडच्या लेस्टर क्लबचा हमझा चौधरी बांगलादेशकडून त्या दिवशी पहिल्यांदाच खेळला आणि एक अनुभवी मधला खेळाडू संपूर्ण संघाची उभी राहण्याची पद्धत कशी बदलतो, हे भाच्याने वहीत उतरवून घेतले. तो पंधरा वर्षांखालील संघात मधल्या फळीत खेळतो. परतताना बोरीच्या पुलावर बस आली तरी त्याचे ‘मामा, चेंडू यायच्या आधी हमझा दोनदा मागे वळून पाहतो’ हेच चालू होते.

आशियाई चषकासाठी भारताच्या चार संघांच्या गटातून एकच संघ पात्र ठरणार होता. 25 मार्चलाच गटातील सिंगापूर आणि हाँगकाँग यांचीही गोलशून्य बरोबरी झाल्यामुळे चारही संघांचा एकेक गुण झाला होता आणि भारताचा पुढचा पात्रता सामना 10 जून 2025 रोजी हाँगकाँगमध्ये होता. त्या सामन्यावरही वर्ग घेण्याचे सरांनी जाहीर केले होते. आम्ही दोघांनी तेथेच नावे नोंदवली. निवडीच्या चर्चेला शेवटची पंधरा मिनिटे न देता ती आरंभी घ्यावी आणि खिडकीला जाड पडदा लावावा, या दोन सूचना मी नोंदवहीत लिहून आलो.