उघडून दाखवलेला प्लग खरा, सीलबंद तीन खोटे

दुकानदाराने खोक्यातून काढून माझ्या हातात ठेवलेला स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारा भाग, अस्सल होता. सीलबंद खोक्यांत दिलेले बाकीचे तीन नकली निघाले. जुनी पेट्रोल गाडी घरच्या घरी सांभाळणाऱ्यांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण तो आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवूनच रचलेला आहे. आपण चार प्लग घेतो, एक पाहून खात्री करतो आणि एकदा बसवले की ते परत करता येत नाहीत.

माझी गाडी चार सिलिंडरची, प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असलेली. तिच्या पुस्तिकेत इरिडियमचे, म्हणजे टोक इरिडियम या धातूचं असलेले प्लग सांगितले आहेत. साधा निकेलचा प्लग ३० ते ४० हजार किलोमीटरमध्ये झिजतो, इरिडियमचा लाखाच्या आसपास जातो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम २४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवलं तरी टिकतं आणि बारीक टोकावरून ठिणगी सहज उडते. जास्तीचे पैसे आपण त्या टोकाचे देतो. नक्कल करणाऱ्यालाही नेमकं तेवढंच दिसायला हवं असतं.

पार्ट नंबर कागदावर लिहूनच दुकानात गेलो होतो. दुकानदाराने एक खोकं उघडलं, प्लग माझ्या हातात दिला, नंबर जुळवून दाखवला. सगळं ठीक होतं. दुसरं खोकं उघडायला हात पुढे केला तर म्हणाला, "सील फोडू नका साहेब. सील फुटलेला माल कंपनी परत घेत नाही, उद्या बदलून हवा असेल तर माझी अडचण होईल." ऐकायला वाटावं की माणूस आपल्याच भल्याचं सांगतोय. या एका वाक्यावर सगळी फसवणूक उभी आहे, म्हणून ते जसंच्या तसं लिहिलं. बिलावर त्याने 'प्लग, ४ नग' इतकंच लिहिलं. ना कंपनी, ना नंबर.

बसवण्याबद्दलही सांगतो, कारण पुढे सगळं खापर त्यावरच फोडलं गेलं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. जुने प्लग सोडवण्याआधी ते बसतात त्या खड्ड्यांतली धूळ हवेने उडवली, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडत नाही. नवीन प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनीच आटे धरवले. आटे तिरके लागत असतील तर नळी घसरते, त्यामुळे हेडचे, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाचे, आटे खराब होत नाहीत. मग ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना लावला. १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात. आट्यांना ग्रीस लावलं नाही, कारण ते लावलं की तेवढ्याच टॉर्कला प्लग जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो. गॅपही, म्हणजे ठिणगी उडते ती फट, फीलर गेजच्या पात्यांनी मोजून तपासला होता, चारही बरोबर होते.

सुरुवातीला गाडी बरी चालली. रेडिओला मात्र खरखर यायला लागली आणि ती एक्सिलरेटरबरोबर चढत-उतरत होती. पुढे एकदा चढावर, गाडीत माणसं भरलेली असताना, इंजिनने मिस मारायला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटताच फिरायला, सुरुवात केली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा नुसता लागून राहणं आणि लुकलुकणं यांत फार फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, पेटतं, आतली जाळी तापून वितळते आणि मग प्लगच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. त्यामुळे गाडी तिथेच थांबवली.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर कोड आले पी०३०२, पी०३०३ आणि पी०३०४. म्हणजे दोन, तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एक नंबर स्वच्छ. एक आणि दोनच्या कॉइल आलटून-पालटून पाहिल्या. कॉइल खराब असती तर तक्रार तिच्याबरोबर एक नंबरला गेली असती. ती दोनलाच राहिली. एक नंबरमध्ये मी दुकानात उघडलेल्या खोक्यातला प्लग बसवला होता.

चारही काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले आणि भिंग घेतलं. अस्सल प्लगचं बारीक टोक खालच्या भागाला लेझरने जोडलेलं होतं आणि जोडाची रेघ सगळीकडून सारखी फिरलेली होती. बाकीच्या तिघांत जोड असा नव्हताच. मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी जिथून उडते ती धातूची कांडी, तासून टोक काढलेलं, आणि इतक्या थोड्या वापरात ते गोल झिजलेलं. इरिडियम असं झिजत नाही. अस्सलची बाजूची पट्टी टोकाच्या बरोबर मधोमध होती, नकलींपैकी दोघांची एका अंगाला कलली होती. चिनीमातीवरच्या अक्षरांच्या कडा फुटक्या, धातूवरचा ठसा उथळ. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून सहजासहजी निघत नाही. नकलींपैकी एकाचा, प्लग उलटा धरताच, फडक्यावर पडला.

सगळ्यात पक्का पुरावा मल्टिमीटरने दिला. पार्ट नंबरमध्ये आर हे अक्षर होतं, म्हणजे प्लगच्या आत ठिणगीमुळे रेडिओत येणारी खरखर दाबणारा रेझिस्टर हवा, साधारण पाच हजार ओहमचा. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजल्यावर अस्सल प्लगने जवळपास तेवढाच आकडा दाखवला. नकली तिघांनी जवळजवळ शून्य दाखवला. आत रेझिस्टर घातलेलाच नव्हता. रेडिओची खरखर तिथून येत होती.

मला खरी चीड येते ती हीट रेंजमुळे, म्हणजे प्लग टोकावरची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्या मापामुळे. चालत्या इंजिनात प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी धरते. त्याच्या फार वर गेलं तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण टोकाच्या उष्णतेनेच पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. नकली प्लगवर छापलेला हीट रेंजचा आकडा म्हणजे नुसती शाई. आतली चिनीमाती किती उष्णता वाहून नेते, हे बनवणाऱ्यानेही मोजलेलं नसतं. असा माल विकणारा समोरच्याचं इंजिन पणाला लावतो, आणि घाटात गाडी बंद पडली तर आत बसलेल्या माणसांनाही.

याच आकड्यांवरून आणखी एक फसवणूक चालते. हवा तो प्लग नसला की काही दुकानदार "दुसऱ्या कंपनीचा घ्या, नंबर तोच आहे" म्हणतात. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा होतो. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा वाढला की गरम. नंबर सारखा दिसला म्हणून प्लग सारखा होत नाही. कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचं मॉडेल शोधल्याशिवाय असा बदल स्वीकारू नका.

प्लग घेऊन दुकानात गेलो तर दुकानदाराचं पहिलं उत्तर, "तुम्ही बसवताना जास्त आवळले." मल्टिमीटर पुढे ठेवला तर, "बसवलेला माल परत होत नाही." शेवटी, "हे माझ्याकडचेच कशावरून? बिलावर नंबर कुठे आहे?" नंबर त्यानेच लिहिला नव्हता. आवाज चढल्यावर त्याच खणातली आणखी तीन सीलबंद खोकी पुढे सरकवली आणि म्हणाला, ही घ्या आणि मिटवा. मी ती उघडायला मागितली. त्याने परत आत ठेवली.

आता मी बिलावर कंपनी आणि पूर्ण पार्ट नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि चारही खोकी काउंटरवरच उघडतो. उघडू न देणाऱ्या दुकानातून माल घेत नाही, मग सवलत कितीही असो. मल्टिमीटर खिशात मावतो, चार प्लग मोजायला मिनिटभरही लागत नाही, आणि माल खरा असेल तर दुकानदाराला हरकत असायचं कारण नाही. बसवण्याआधी प्रत्येक प्लगचा जवळून फोटो काढा, खोक्यावरच्या नंबरासकट. गाडीचं काम गॅरेजमध्ये करून घेत असाल तरी प्लग स्वतः आणून द्या आणि काढलेले जुने परत मागून घ्या. अस्सल प्लगची रिकामी खोकी अख्खी टाकू नका, फाडून टाका. नकली माल भरायला अशीच खोकी लागतात.

तिन्ही प्लगचे फोटो आणि मोजमापं मी ज्या कंपनीचं नाव त्यांवर छापलं होतं तिला पाठवली आणि दुकानाविरुद्ध ग्राहक तक्रार नोंदवली. तक्रार अजून चालू आहे. प्लग माझ्याकडेच आहेत. दुकानदाराने नंतर माणूस पाठवून पैसे परत करायची तयारी दाखवली, पण अट अशी की तिन्ही प्लग त्याला द्यायचे. मी नाही म्हटलं. तेच प्लग पुसून, नव्या खोक्यात घालून दुसऱ्या कुणाला विकले जाऊ शकतात.